शोकांतिकेतले लग्न

कापराचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे देवघर येत नाही, जपानमधल्या कोतोतले एक सभागृह येते. तिथे फ्लामेंको हा स्पॅनिश नाच शिकणाऱ्या बायका गुडघ्यांना आणि पोटऱ्यांना औषधी पट्ट्या चिकटवून येत. थंडीत बंद केलेल्या खिडक्यांच्या आत त्या पट्ट्यांचा कापूर, बुटांच्या चामड्याचा दर्प आणि भाजलेल्या बार्लीच्या चहाची वाफ एकमेकांत मिसळून राहत. मग थोड्या वेळाने त्यावर आवाज चढे: टाचांना आणि चवड्यांना खिळे ठोकलेले बूट लाकडावर पडण्याचा. सभागृह वॉर्ड ऑफिसचे होते, त्याच्या गुळगुळीत जमिनीवर ओरखडा उठलेला चालत नसे. म्हणून दर वेळी आम्ही कोठीतून प्लायवुडचे तक्ते काढत असू, शेजारी शेजारी मांडून सांधे चिकटपट्टीने बंद करत असू, आणि तास संपला की तेच सगळे उलट्या क्रमाने. नृत्यातले माझे पहिले शिक्षण तक्ता उचलण्याचे झाले. दोघींनी, एका दमात, पाठ न वाकवता.

मोठ्या भूकंपाला तेव्हा काही वर्षे होऊन गेली होती. माझ्या नवऱ्याची बँकेने इथे नेमणूक केली होती. आम्ही फुनाबोरीत राहत होतो आणि मुलगी कोतोमधल्या भारतीय शाळेत जात होती. पुण्यात मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवत असे. इथे माझ्याजवळ शिकवायला कुणी नव्हते, मुलगीसुद्धा मराठीत विचारलेल्याचे उत्तर जपानीत देऊ लागली होती. तिला शाळेत सोडून सायकलवरून परतताना एके सकाळी मला त्या सभागृहातून पावलांचा आवाज ऐकू आला. आयुष्याची बरीच वर्षे लघू-गुरू मोजण्यात घालवलेल्या बाईला तो आवाज ओलांडून पुढे जाता येईना. मी काचेच्या दारातून आत पाहत उभी राहिले. आतल्या एका ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या बाईंनी नाच न थांबवता मला हाताने आत बोलावले.

या बाई साठीला आलेल्या होत्या. तोंडाने मी त्यांना सगळ्यांसारखीच आडनावापुढे ‘सान’ जोडून हाक मारी. मनात मात्र पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत असे, म्हणून इथेही तेच म्हणते. मावशी फुकुशिमाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावातल्या. अणुवीज प्रकल्पाच्या किरणोत्सर्गामुळे त्यांचे गाव रिकामे करावे लागले होते. घर उभे होते, पण त्यात राहायची मनाई होती. कोतोच्या खाडीकाठी एक उंच सरकारी इमारत आहे, तिथे अशा अनेक कुटुंबांना जागा दिली होती. मावशी आणि त्यांचे पती तिथे राहत.

वर्गात कुणीही त्या गोष्टीचा उल्लेख करत नसे. पण मावशी खोलीत आल्या की बायकांचे आवाज किंचित खाली येत, आजाऱ्याच्या खोलीत येतात तसे. त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली जाई. जड तक्ता त्यांना कुणी उचलू देत नसे, वास्तविक त्या आम्हा सगळ्यांपेक्षा दणकट होत्या.

आमच्या शिक्षिकेला सगळ्याजणी सेन्सेई म्हणत. त्यांची तरुणपणातली काही वर्षे स्पेनमधल्या सेव्हियामध्ये गेली होती. उजवा गुडघा दुखावल्यापासून त्या उभ्याने नाचत नसत; खुर्चीत बसून टाचेने ताल धरून शिकवत. मोजके बोलत, आणि बोलण्यापूर्वी इतका वेळ घेत की सुरुवातीला मला वाटे, त्यांना माझी जपानी कळलीच नाही. त्या वर्षी त्यांनी ठरवले की नेहमीचे सुटे नाच पुरे. एक जुनी स्पॅनिश शोकांतिका संपूर्ण रंगमंचावर आणायची. शब्द नाहीत, फक्त नाच.

कथा साधी होती. दोन घराण्यांचे पिढीजात वैर, त्यात नवरा गमावलेली एक आई, आणि लग्नाच्याच दिवशी मारला जाणारा तिचा एकुलता मुलगा. सेन्सेईंकडे मूळ स्पॅनिश प्रत होती, बाकीच्यांकडे जपानी अनुवाद, माझ्याकडे इंग्रजी. तिन्ही पुस्तके उघडी ठेवून आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत असू. मला का बोलावले हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

“तुम्ही कविता शिकलेल्या आहात. शब्द कुठे टाकून द्यायचे, हे तुम्हाला कळत असेल.”

कवितेच्या अभ्यासाचे इतके नेमके वर्णन मला विद्यापीठात कुणी केलेले आठवत नाही. आम्ही शब्द टाकत गेलो. आईचे शस्त्रांविषयीचे पानभर भाषण होते, त्याच्या जागी एक पंखा राहिला: ती तो उघडते, वारा घेते, आणि पाते मिटावे तसा खटकन मिटते. वैराची हकीकत दोन काठ्यांच्या ठोक्यांवर आली. आईचा विलाप ‘सोलेआ’ या संथ, जड तालात बसला. त्यात पाऊल उचलण्यापेक्षा ते न उचलण्याला जास्त अर्थ असतो. कवितेतल्या यतीचे, विरामाचे, महत्त्व मला ठाऊक होते, पण ती अंगात कशी धरायची हे मी तिथे पाहिले.

लग्नाचा प्रवेश मात्र अडला. नवरा मारला जातो तो क्षण नाटकात पडद्याआड घडतो आणि कुणीतरी येऊन सांगतो. आमच्याकडे सांगणारा कुणी नव्हता. मी सेन्सेईंना अंतरपाटाविषयी सांगितले. आमच्याकडे नवरा-नवरीच्या मध्ये एक कापड धरतात, मंगलाष्टके संपली की ते दूर करतात, तोवर दोघांनी एकमेकांना पाहायचे नसते.

“आणि पाहत नाहीत?” सेन्सेईंनी विचारले.

“खालून पाहतात. पाय दिसतात ना.”

सेन्सेई टेबलापासून उठल्या. मग आत जाऊन लांब झालरींची रेशमी शाल घेऊन आल्या. तिचे एक टोक मला दिले, दुसरे स्वतः धरले आणि शालीखालून दिसणाऱ्या फरशीकडे पाहू लागल्या. “म्हणजे प्रेक्षकांना नवऱ्याचे फक्त बूट दिसतील,” त्या म्हणाल्या. “मग बूटही दिसणार नाहीत. मग शाल खाली येईल.” प्रवेश तिथेच सुटला.

भूमिका वाटण्याची त्यांच्याकडे एक रीत होती, आणि ती केवळ त्यांची नव्हती; माझ्या नवऱ्याच्या बँकेतही तीच चाले. बैठकीत काही ठरत नाही. बैठकीपूर्वी प्रत्येकाला एकेकटे गाठून, चहाच्या निमित्ताने, आडवळणाने त्याचे मन काढून घ्यायचे. सगळ्यांचे जुळले की बैठक बोलवायची, आणि तिथे सगळ्यांनी माना डोलवायच्या. सेन्सेई स्टेशनजवळच्या कॅफेत एकेकीला भेटल्या. नवरीची भूमिका आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीकडे गेली. ती एका ऑफिसात नोकरी करे आणि वर्गाला टाय लावलेल्या सहकाऱ्यांच्या नकला करून दाखवी. नवऱ्याची एका उंच बाईंकडे. शालीचे एक टोक धरण्याचे काम मला मिळाले.

फक्त मावशींना कुणी कॅफेत बोलावले नाही. विचारणेसुद्धा निर्दयपणाचे झाले असते, असे सगळ्यांना वाटत होते. आईची भूमिका त्यांची, यात कुणाच्याही मनात शंका नव्हती. बैठकीत सेन्सेईंनी ती जाहीर केली तेव्हा बायकांनी हलकेच टाळ्या वाजवल्या, एकीने डोळे टिपले. मावशी खोल वाकल्या आणि म्हणाल्या, “आभारी आहे.”

तालमी सुरू झाल्या. मावशी विलाप बिनचूक नाचत. ताल पक्का, हात योग्य उंचीवर, आणि सगळे कोरडे ठणठणीत. सेन्सेई खुर्चीतून सांगत, “घाई करू नका. जे येईल ते येऊ द्या.” काही येत नसे. बायकांना वाटे, दुःख फार खोल आहे. मी शालीचे टोक धरून कडेला उभी असे, तिथून मला दुसरेच दिसे. लग्नाच्या वरातीचा नाच ‘आलेग्रियास’वर होता, उसळत्या, हसऱ्या तालावर. त्या प्रवेशात आईला काही काम नाही; ती खुर्चीत ताठ बसून असते. पण मावशींचा काळा घागरा गुडघ्यांखाली थरथरत असे. त्याच्या आत त्यांची पावले एकही ठोका न चुकता वरातीचा अख्खा नाच नाचत होती.

एका तालमीनंतर आम्ही तक्त्यांवरच बसून चहा घेत होतो. तांदळाच्या भाजक्या चकत्यांचे पाकीट फिरत होते. सेन्सेई मावशींना म्हणाल्या, “ही भूमिका तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही.” सगळ्यांनी माना डोलवल्या.

मी विचारले, “पण तुम्हाला स्वतःला कोणती हवी होती?”

पुण्याच्या कुठल्याही तालमीत हा प्रश्न पाण्याच्या पेल्याइतका साधा ठरला असता. इथे चहाचे पेले हवेत थांबले. पाकिटाचा कागद चुरगळल्याचा आवाज झाला आणि तोही थांबला. मावशी हसल्या. “मला काहीही चालतं,” त्या म्हणाल्या, आणि उठून सांध्यांची चिकटपट्टी सोलायला लागल्या.

पुढच्या तालमीला त्या आल्या नाहीत. सर्दी झाल्याचा निरोप आला. त्यानंतरच्या तालमीलाही सर्दीच होती.

“सर्दी वगैरे काही नाही,” सायकली लावतो त्या जागी नवरीने मला गाठले. “तू सगळ्यांसमोर विचारलंस. आता त्यांनी दुसरी भूमिका मागितली तर सेन्सेईंची निवड चुकली असं होतं. नाही मागितली तर तुझा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. त्यांच्या जागी मी असते तर मलाही सर्दी झाली असती.”

“मग आता काय करू?”

“मला काय माहीत? मी नवरी आहे. माझं लग्न मोडलंय.” ती सायकलवर बसून निघून गेली. तिची चेष्टा रास्त होती. आई नसेल तर नाटकच उभे राहणार नव्हते.

घरी नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, “बँकेत मी पहिल्या महिन्यात हेच केलं होतं. अजूनही एक साहेब लिफ्टमध्ये माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात.” पण त्यानेच सुचवले की जाऊन भेट, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मी बेसनाचे लाडू केले. तुपात बेसन भाजल्याचा वास इमारतीच्या जिन्यापर्यंत गेला आणि शेजारणीने दार उघडून पाहिले.

मावशींच्या घराची खिडकी खाडीवर उघडत होती. खूप वर, खूप वारा. पाणी इतके खाली की त्याचा आवाज येत नव्हता, वासही नाही. जमिनीवर बसून आम्ही लाडू खाल्ले. त्यांचे पती आतल्या खोलीत टीव्हीवर बेसबॉल पाहत होते; एक लाडू त्यांच्याकडे गेला आणि थोड्या वेळाने रिकामी बशी दारातून सरकत बाहेर आली.

“त्यांना आवडला,” मावशी म्हणाल्या. “आवडला नसता तर बाहेर येऊन आभार मानले असते.”

मी क्षमा मागायला सुरुवात केली. त्यांनी हात हलवून ती मध्येच थांबवली.

“कुणी विचारलंच नव्हतं तोवर,” त्या म्हणाल्या. “मला उत्तर तयार नव्हतं. म्हणून राग आला.” मग त्यांनी आणखी एक लाडू माझ्यापुढे सरकवला. “एक सांगू? माझं कुणीही मेलेलं नाही. हे आहेत, मुलगा सेंदाईत आहे, मोटारी विकतो, दर रविवारी फोन करतो, फार बोलतो. वर्गातल्या बायका माझ्याकडे बघतात तेव्हा मला वाटतं, यांना सांगावं, की अहो, माझं कुणी मेलेलं नाही. पण ते सांगायलाही लाज वाटते. शेजारच्या गावात ज्यांचे त्सुनामीत गेले त्यांच्यापुढे माझी जीभ उचलत नाही. आणि इथे मी रोज दुसऱ्याचं दुःख नाचायचं, आणि लोकांनी ते माझं समजायचं.”

“तुमचं घर गेलं,” मी म्हणाले.

“घर आहे. मी त्यात नाही.” त्यांनी बशीतले कण बोटाने गोळा केले. “गावात आमचा फ्लामेंकोचा वर्ग होता, मच्छीमार सोसायटीच्या वरच्या मजल्यावर. खाली लिलाव, वर आम्ही. सगळ्या कोळणी. आम्ही कधी रडका नाच शिकलोच नाही. वेळच नव्हता. मला आलेग्रियास येतो. मी चांगला नाचते तो. इथे आल्यापासून कुणी मला हसरं काही करूच देत नाही.”

आतून टीव्हीवर जल्लोष ऐकू आला आणि लगेच दबला. त्यांनी आवाज कमी केला असावा.

“मला लग्नात नाचायचंय,” मावशी म्हणाल्या. “नवरीकडच्या बाजूनं. एखादी थोराड बाई असतेच की प्रत्येक लग्नात, जी जरा जास्तच नाचते.”

आमच्याकडेही असते, मी सांगितले. बहुधा ती मावशीच असते. त्या हसल्या, आणि मी त्यांना मनात काय म्हणते हे मला तेव्हाही सांगवले नाही.

या वेळी मी रीत पाळली. आधी नवरीला गाठले, मग उंच बाईंना, मग बाकीच्यांना. कॅफेत, एकेकीला, चहा निवेपर्यंत. लग्नाला वऱ्हाड कमी पडते आहे, नवरीची एखादी आत्या किंवा मावशी हवी होती, असे आडवळणाने बोलले. दोघीतिघींनी पेल्यात बघत “अच्छा” म्हटले आणि त्यांना सगळे कळले असल्याचे मला कळले. सेन्सेईंना शेवटी भेटले. त्यांच्याशी आडवळण जमले नाही. त्यांच्या शांततेपुढे माझी वळणे संपली आणि मावशींचेच शब्द मी जसेच्या तसे सांगितले.

सेन्सेईंनी चमचा बशीत ठेवला. “मी त्यांना विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “इतरांना विचारलं. त्यांना नाही.” कॅफेच्या काचेबाहेर लोकल गाडीतून उतरलेली माणसे छत्र्या उघडत होती. सेन्सेईंनी पेला दूर सारला. मग म्हणाल्या, “आई मी करते. बसून.”

बैठक झाली. सगळ्यांनी माना डोलवल्या. मावशींची सर्दी बरी झाली.

त्यानंतर नाटक बदलले. आईने संपूर्ण नाटकभर खुर्ची सोडायची नाही, असे ठरले. विलापात सेन्सेईंच्या फक्त टाचा आणि मनगटे हलत. गुडघा जिथे साथ देत नसे तिथे त्या थांबत, आणि ते थांबणे आम्ही कुणी लिहून काढले असते त्याहून योग्य जागी पडे. मावशींच्या नाचासाठी मात्र वरातीचा प्रवेश लांबवावा लागला. त्या दर तालमीत त्यात काहीतरी नवे घुसडत. एकदा त्यांनी अंतरपाटाच्या शालीखाली वाकून नवऱ्याचे बूट न्याहाळले आणि नवरीकडे वळून तोंड वाकडे केले. नवरी हसून खाली बसली. सेन्सेई म्हणाल्या, “ठेवा ते.”

मला काळजी वाटत होती. इतके हसू शोकांतिकेत मावेल का, असे मी सेन्सेईंना विचारले, एकटीने, कॅफेत. त्या म्हणाल्या, “लग्न खरं वाटलं नाही तर कोण मेलं हे कुणाला कळणार?”

प्रयोग इचिकावातल्या एका छोट्या नाट्यगृहात झाला. मावशींच्या इमारतीतले शेजारी पुढच्या रांगांत येऊन बसले होते, बहुतेक वयस्कर, ठेवणीतल्या कपड्यांत. शोकांतिका आहे असे त्यांना कळले असावे. कित्येकींच्या मांडीवर घडी केलेले हातरुमाल तयार होते. मी विंगेत शाल घेऊन उभी होते. वरात आली. मावशी केसांत पिवळे फूल खोवून बाहेर पडल्या, कमरेवर हात ठेवला आणि प्रेक्षकांकडे अशा नजरेने पाहिले की, जेवण कधी आहे? पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसले. दुसऱ्या कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. मग त्यांची पावले सुरू झाली. त्याच रांगेतले एक आजोबा टाळ्यांनी ताल धरू लागले, तो साफ चुकीचा होता, आणि मावशींनी नाचता नाचता त्यांच्याकडे बोट करून त्यांचाच चुकीचा ताल एका आवर्तनापुरता उचलला. आख्खी रांग हसली. मी त्या माणसांना इमारतीच्या लिफ्टमध्ये पाहिले होते. त्यांचे आवाज एवढे मोठे असतील असे वाटले नव्हते.

मग आम्ही शाल धरली. खाली बूट होते. मग नव्हते. शाल उतरली तेव्हा नाट्यगृहात इतके शांत झाले की सेन्सेईंची पहिली टाच मला अंगावर पडल्यासारखी ऐकू आली. विलाप चालू असताना मावशी रंगमंचाच्या कडेला, फूल तसेच केसांत, पाठमोऱ्या उभ्या होत्या. रुमाल तेव्हा उघडले गेले. ते कुणासाठी होते, हे मी ठरवू शकत नाही.

पडदा पडल्यावर तक्ते काढायचे होतेच. नाट्यगृहाची वेळ संपत आली होती. मावशी आणि मी एका सांध्याची पट्टी दोन टोकांनी सोलत होतो; त्यांच्या गुडघ्याला चिकटलेली कापराची पट्टी घामाने सुटून लोंबत होती. पुढच्या वर्षी हेच नाटक पुन्हा करायचे, असे सेन्सेईंनी मला जाता जाता सांगितले होते, आणि या वेळी भूमिका वाटण्याआधी प्रत्येकीला विचारायचे काम माझ्याकडे दिले होते. कॅफेपर्यंत थांबण्याइतका माझ्यात दम नव्हता. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून मी हळूच विचारले, पुढच्या वर्षी तुम्हाला कोणती भूमिका हवी?

त्यांनी चिकटपट्टीचा गोळा केला, तक्त्याखाली हात घातला, आणि मी माझ्या बाजूने पकड घेईपर्यंत थांबून, वर माझ्याकडे पाहत म्हणाल्या,

“नवरी.”